वरच्या लॉजमधला पत्र्या

त्या मालिकेबद्दल आमच्या माळ्यावरच्या प्रत्येक माणसाचं पक्कं मत होतं, आणि आमच्यापैकी एकानेही तिच्यातला एक शब्द कधी ऐकलेला नव्हता. हे वाचून कुणी म्हणेल, बाईला पन्नाशी जवळ आली तशी फिरली. पण बमरोलीत ज्यांनी मागांच्या डोक्यावर संसार केले त्यांना विचारा, ते नुसती मान हलवतील. खाली खातं होतं. यंत्रमागाच्या शेडला सुरतेत खातंच म्हणतात. वर शेठने कारीगरांसाठी खोल्या काढल्या होत्या आणि जिन्यालगतची पहिली खोली आमची होती. माग दिवसा चालायचे, रात्री चालायचे, आणि आमच्या खात्याला सुट्टी असायची त्या वारी शेजारचं खातं चालू असायचं, कारण विजेच्या हिशोबाने प्रत्येक गल्लीचा सुट्टीचा वार वेगळा लावलेला होता. त्यामुळे शांतता म्हणजे काय हे मला शाळेत बाईंनी दोन मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं की कळायचं, आणि तेव्हा मला भीती वाटायची.

खडखडाट हा शब्द मला त्या आवाजाला नेहमी कमी वाटत आला आहे. खडखडाट बैलगाडीचाही होतो. आमच्याकडे फरशी थरथरायची, ताटलीतली आमटी कडेकडेने हलायची, भिंतीवरचं कॅलेंडर हळूहळू तिरकं व्हायचं आणि माय ते रोज सकाळी सरळ करायची. अशा घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. खांद्याला हात लावायचा, समोर येऊन उभं राहायचं, मग तोंड हलवायचं. मायला तेवढा वेळ नसायचा, म्हणून ती मला फेकून मारायची: शेंगेचं टरफल, कोथिंबिरीची काडी, चिडलेली असली तर चमचा. मी वळून पाहिलं की हातानेच सांगायची, पीठ आण, पाणी भर, धाकटीला उचल. कारीगरांची तर खात्यात एक आख्खी हातबोलीच असते. सुताची तार तुटली, बीम म्हणजे सुताचा रूळ संपला, चहा आला, मास्तर येतोय, सगळ्याला खुणा. आणि खुणेने भागत नाही तिथे ओठ वाचायचे. माझे आबा आणि त्यांच्या बरोबरचे लोक रस्त्याच्या या बाजूला उभे राहून त्या बाजूच्या माणसाशी गावाकडच्या लग्नाच्या याद्या करू शकत असत, आणि मधून जाणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

आबांना कायमची रातपाळी होती. उन्हाळ्यात दिवसा खात्यात उभं राहवत नाही म्हणून त्यांनी ती स्वतःहून मागून घेतली होती. दुपारभर झोपून ते संध्याकाळी पाचच्या सुमाराला उठत, तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून, पाय पसरून भिंतीला टेकत. त्या वेळी आमच्या खोलीत जो वास असायचा तो मला आजही कुठे सापडला तर मी उभी राहते. माय कळण्याच्या भाकरी करायची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाच्या, आणि तव्यावरच मिरच्या भाजून त्यात लसूण आणि शेंगदाणे चेचायची. थंडीत वांगी भाजली जायची. अमळनेर सोडून इतकी वर्षं झाली होती, शाळेत मैत्रिणींशी मी गुजराती बोलत होते, बाजारात हिंदी, पण चूल खानदेशचीच होती. गल्लीच्या तोंडाशी लोचो आणि खमण मिळायचं, आबा कधी पगाराच्या दिवशी आणायचे आणि माय खाता खाता म्हणायची की याला चव आहे पण दम नाही.

टीव्ही आम्ही सुरत सोडून गावी परत चाललेल्या एका कुटुंबाकडून घेतला. रंगीत होता, डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग होता, आणि आवाजाचं बटण पहिल्याच दिवशी आबांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. इतकं करून ऐकू काय यायचं तर आत डास अडकल्यासारखं काहीतरी. शब्द एक नाही. पिक्चर, बातम्या, गाणी सगळं आम्ही तसंच पाहिलं आणि फार काही बिघडलं नाही, पण खरा जीव जडला तो संध्याकाळी साडेपाचला लागणाऱ्या कार्टूनवर. परदेशातलं होतं, हिंदी केलेलं होतं असं केबलवाला सांगायचा. नाव इंग्रजीत झरकन येऊन जायचं. आम्ही तिला 'वरची लॉज' म्हणायचो. आकाशात कुठेतरी एका एवढ्याशा दगडावर एक लॉज आहे. मालक बुटका, मिशाळ, त्याला मान नाही. तो अर्थातच शेठ. एक हिरवा, लांब मानेचा माणूस कायम पलंगावर पडून खात असतो. तो पाहुणा. निरनिराळ्या ग्रहांवरून यानं येतात, त्यांतून तऱ्हेतऱ्हेचे लोक उतरतात, कुणाला डोळे तीन, कुणाला पाय नाहीत, एकदा तर नुसता धूरच राहायला आला होता आणि शेठने त्याला बाटलीत झोपवलं. आणि या सगळ्यांची उस्तवार करणारा एक पत्र्याचा यांत्रिक गडी. चौकोनी डोकं, डोळ्यांच्या जागी दोन दिवे, एक गुडघा कुरकुरणारा. त्याचं नाव आम्ही पत्र्या ठेवलं.

काय सुंदर काढलं होतं ते सगळं. आज मी जग पाहिलं असं म्हणणार नाही, पण चित्रं पुष्कळ पाहिली, आणि तरी सांगते की ज्याने तो पत्र्या काढला त्याचा हात मोठा होता. चेहऱ्यावर पत्रा आणि दोन दिवे, बाकी काही नाही, तरी तो ओशाळला की आम्हाला कळायचं. नुसता पाठमोरा उभा राहिला तरी दमला आहे की रुसला आहे ते दिसायचं. शेठने ताट आपटलं की पत्र्याचा गुडघा असा काही वाकायचा की पूर्ण खोली हसत सुटायची. हसणारे कोण, तर अर्धे अहिराणी बोलणारे, अर्धे उडिया, एखादा उत्तर प्रदेशातला. शेजारच्या पद्मामावशी ओडिशातल्या गंजामच्या होत्या, त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्यांना. वर्षानुवर्षं आमचं बोलणं साखर, जिरं आणि ताप एवढ्यावर भागलं होतं. वरची लॉज सुरू झाली आणि त्यांना माझ्या मायशी भांडायला विषय मिळाला. शब्द कुणालाच ऐकू येत नसल्यामुळे कुणाची भाषा वरचढ नव्हती.

मतं तर काय विचारता. पद्मामावशींचं ठाम म्हणणं होतं की पत्र्याचं कुणावर तरी प्रेम आहे. त्या छातीवर हात ठेवून वर बोट दाखवायच्या, म्हणजे ती दुसऱ्या ग्रहावर आहे. मायला पाहुण्याचा राग होता. तो शेठच्या बायकोचा भाऊ असणार, नाहीतर इतकं फुकट कोण घालतो, असं ती म्हणायची. बायको कधी पडद्यावर आली नव्हती, पण मायच्या मते ती माहेरी गेली होती. माझं मत असं की शेठ मनाने वाईट नाही, त्याला हिशोब जमत नाही एवढंच. आणि सगळ्यांच्या मतांवर मत म्हणजे आबांचं आणि भगवान मास्तरांचं. भगवान मास्तर खात्यातले मास्तर, म्हणजे कारीगरांवर देखरेख करणारे, मागांची दुरुस्ती बघणारे. आमच्याच तालुक्याकडचे, जाड भुवयांचे, आणि कुणाचंही म्हणणं मान्य करणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. त्यांची दिवसपाळी खाली सुरूच असायची, पण साडेपाचला ते बरोबर चहाच्या निमित्ताने वर येत आणि दारातल्या स्टुलावर बसत.

भांडण होतं पत्र्याच्या पेटीवरून. जवळजवळ प्रत्येक भागात पत्र्या कधीतरी एक लोखंडी पेटी काढायचा, तिच्यात काहीबाही भरायचा, इकडेतिकडे बघत यानाच्या फलाटाकडे निघायचा, आणि नेमकं त्याच वेळी काहीतरी होऊन त्याला परत यावं लागायचं. कधी शेठ अंगठ्याएवढा व्हायचा, कधी लॉजच उलटी व्हायची. आबांचं म्हणणं, त्याला गावी जायचं आहे. रजा मिळत नाही. आई असेल तिकडे, पत्र्याची म्हातारी, वाट बघत असेल. मास्तरांचं म्हणणं, तो लबाड आहे, त्याच्या डोळ्यांतले दिवे बघा कसे फिरतात, पेटीत शेठचा माल आहे. दोघं हे सगळं हातांनी बोलायचे. आबांचे हात लांब आणि संथ होते, ते पेटी उचलल्यासारखं करत, कपाळावर हात धरून दूर बघत, की समोर गाव उभं राहावं. मास्तर त्यावर दोन बोटांनी खिसा कापल्याची खूण करत. आम्ही बाकीचे पडद्याकडे कमी आणि यांच्याकडे जास्त बघायचो. गंमत म्हणजे आबा दुसऱ्या कशावर वाद घालत नसत. घरात ते फार बोलायचेच नाहीत. कुणी काही विचारलं की माय त्यांच्यासमोर येऊन तेच पुन्हा म्हणायची आणि मग ते मान हलवायचे. दुसऱ्याचं बोलणं पुन्हा म्हणून दाखवायची मायला खोड आहे अशी माझी समजूत होती, आणि मी तिची नक्कलही करत असे. पण वरची लॉज लागली की आबा उजळायचे. सगळा माळा त्यांच्या हातांकडे बघायचा. त्यांनी सांगितलेली गोष्ट ती खरी गोष्ट, असं आमच्यात ठरूनच गेलं होतं. मास्तर सोडून.

मध्यंतरी माझ्या मुलीने मोबाईलवर ती मालिका शोधून दिली. मला नाव सांगता येईना, तर मी लॉज, मिशाळ शेठ आणि पत्र्या असं वर्णन केलं आणि तिला ती चहा उकळेपर्यंत सापडली. भागांच्या खाली लोकांनी मतं लिहिली आहेत, शेकड्यांनी. मी चष्मा लावून दुपारभर तीच वाचत बसले. कुणी लिहितो की असं कार्टून पुन्हा झालं नाही. कुणाला हिंदीतला आवाज देणारा मूळ आवाजापेक्षा सरस वाटतो. एकाने लिहिलं आहे की तो आजारी असताना शाळा बुडवून हेच बघायचा आणि ताप उतरायचा, ते मला खरं वाटलं. बरेच जण म्हणतात की शेवटचे भाग घाईने उरकले. हिरव्या पाहुण्यावरून तर दोघं एकमेकांच्या आईवर आले आहेत. वाचताना मला आमची खोली आठवली, फक्त इथे कुणी कुणाला दिसत नाही. सगळे पत्र्याचं कौतुक करतात, कार्टूनमधला सगळ्यांत छान बदमाश म्हणतात. आबांसारखं मत मात्र मला त्यात कुठे दिसलं नाही.

एका वर्षी सुताचे भाव इतके चढले की खातेमालकांनी मिळून सगळी खाती बंद ठेवायचं ठरवलं. कारीगरांना कुणी विचारलं नव्हतं. सकाळपाळी भरलीच नाही, आणि मग एकेक करून आमच्या गल्लीतलं, शेजारच्या गल्लीतलं, पांडेसऱ्याच्या बाजूचं खातं थांबत गेलं. दुपारी मला जाग आल्यासारखं झालं, खरं तर मी जागीच होते. खाली कुणाची तरी सायकल जिन्याला टेकवल्याचा आवाज मी ऐकला. नळाला थेंब होते, ते पडताना ऐकू येत होते. पद्मामावशी पलीकडे आपल्या लेकराला काहीतरी गुणगुणत होत्या आणि त्यांचा आवाज इतका कोवळा होता की मी दारात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांचा आवाज मला ठाऊक नव्हता. धाकटी कानावर हात ठेवून रडायला लागली. मी मात्र हरखले होते. मला सारखं वाटत होतं की आज वरची लॉज ऐकू येणार, पत्र्या काय बोलतो ते आज कळणार. मी माळाभर सांगत फिरले, सगळ्यांनी लवकर या.

सगळे आले. काम बंद असल्यामुळे माणसं जास्तच आली, जिन्यापर्यंत बसली. भगवान मास्तर आज चहाचं निमित्त न काढता आले आणि स्टूल आत ओढून घेतलं. आबा पुढेच होते, टीव्हीपासून हातभर अंतरावर, मांडी घालून. साडेपाच झाले आणि मी उठून टीव्ही लावला. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं आहे हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. पहिल्या दिवसापासून ते तसंच होतं, ते तसंच असतं अशी आमची सवय. मालिकेचं सुरुवातीचं बिगूल असं काही कडाडलं की भिंतीवरची पाल खाली पडली. पद्मामावशींनी लेकराला छातीशी कवटाळलं, जिन्यावरचं कुणीतरी एक पायरी घसरलं, मास्तर स्टुलावरून उभे राहिले, माझ्या हातातली वाटी गेली. आणि आबा हातभर अंतरावर शांत बसून होते. चेहऱ्यावर रोजचं हसू. पत्र्या झाडू घेऊन बाहेर आला तशी त्यांनी आमच्याकडे न बघता बोट उचलून दाखवलं, आला बघा.

माय ओट्यावरून पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने बटण फिरवलं. तोवर सगळ्यांनी पाहिलेलं होतं. कुणी कुणाकडे बघेना. पडद्यावर पत्र्या बोलत होता, चिरक्या, लाडिक आवाजात, आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो हिरव्या पाहुण्याला सांगत होता की शेठच्या तिजोरीची किल्ली आता माझ्याकडे आहे, आज रात्रीच्या यानाने माल घेऊन पसार होतो, गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे मास्तरांचंच खरं होतं. इतके दिवस मास्तरांचंच खरं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मास्तरांनी माळा डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी ते नुसते स्टुलावर परत बसले. आबा वळले, त्यांनी सवयीने हात उचलले आणि आपली गोष्ट सांगायला लागले: पेटी भरली, आज नक्की जाणार, म्हातारीसाठी काहीतरी घेतलंय. मागून पत्र्याचा आवाज तिजोरीचं सांगत होता आणि पुढे आबांचे हात म्हातारीचं. मास्तर थोडा वेळ त्या हातांकडे बघत राहिले, मग उठून निघून गेले.

सगळे गेल्यावर मायने मला ओट्याजवळ बोलावलं, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा हाक मारून बोलावलं. आबा पाणी आणायला खाली गेले होते. "तेस्ले ऐकू येस नई, निमू," ती म्हणाली. "कवयनंच येस नई. कोनले सांगू नको." आता सांगायचं कुणाला राहिलं होतं. पण तिला धास्ती होती ती मास्तरांची. मागावर आडवं सूत घेऊन धावणारा धोटा नीट पोचला नाही तर आवाज बदलतो. चांगल्या कारीगराला शेकडो मागांच्या गोंगाटात आपल्या मागाचा आवाज वेगळा कळतो आणि तो आधीच हात घालतो. नाही घातला तर सगळं कापड जातं, एखादे वेळी धोटा उडून शेजाऱ्याला लागतो. म्हणून ज्याचे कान गेले त्याला मागावर ठेवायचं नाही, असा मास्तरांचा नियम होता आणि त्यात त्यांनी कधी नातं पाहिलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या साडूला त्यांनी तसं गावी परत पाठवलं होतं. आबांना काढलं तर खोली जाणार, कारण खोली शेठची. खोली गेली की शाळा, आणि मग अमळनेर, जिथे आमच्यासाठी काहीही ठेवलेलं नव्हतं. हे सगळं मायने मला भाकरी थापता थापता सांगितलं. मी तिची नक्कल का करायचे ते तिने कधी विचारलं नव्हतं. दोन वर्षं ती त्यांच्यासमोर उभी राहून जगाचं बोलणं पुन्हा बोलत होती. मला तेव्हा तिचं जे कौतुक वाटलं ते आजवर कमी झालेलं नाही. माणसाने माणसाला असं झाकावं.

दुसरा दिवस सुतकासारखा गेला. माय दोनदा मास्तरांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली. काय बोलावं ते तिला ठरवता येईना. शेवटी तिने शेवभाजी केली, मास्तरांना आवडायची म्हणून, आणि वाटी भरून माझ्या हाती पाठवली. मास्तरांनी वाटी घेतली, ठेवून दिली, माझ्याकडे पाहिलं आणि शाळेत कितवीला आहेस ते विचारलं. एवढंच. आबांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं ते मला समजेना. चेहरे वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आदल्या संध्याकाळचे आमचे चेहरे वाचता आले नसतील असं कसं म्हणू. ते दुपारी झोपले नाहीत. खिडकीत बसून समोरच्या बंद खात्याच्या छपराकडे बघत होते.

साडेपाचला मास्तर आले. बाकीचे कुणी आले नाहीत. पद्मामावशी तेवढ्या दारात उभ्या राहिल्या. मी टीव्ही लावला, आवाज बारीक ठेवला. मास्तर स्टुलावर बसताच आबा पडद्याकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसले आणि हात मांडीवर ठेवून, तोंडाने बोलले. त्यांचा आवाज मी नीट ऐकला तो त्या दिवशी. थोडा जास्त मोठा, आणि शेवटाला कुठेतरी वर चढणारा.

"भगवान, माले ऐकू येस नई. तुले कालदिन समजनं."

मायने पदर तोंडात धरला. मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं. मग त्यांनी ओठ स्पष्ट हलवत विचारलं की मग माग बिघडतो तेव्हा तुला कळतं कशावरून. आबांनी मागे हात नेऊन टीव्हीच्या पेटीवर तळवा ठेवला. "हातले कळस," ते म्हणाले. मागाच्या चौकटीला हात लावून जातो, पायाला फरशीतून कळतं, आजवर तुझ्याकडे माझं कापड परत आलं आहे का, असं त्यांनी खुणांनी विचारलं. पडद्यावर पत्र्याने पेटी बाहेर काढली होती. आबा वळून बघायला लागले, मग पुन्हा मास्तरांकडे वळले आणि म्हणाले की चित्रातल्या लोकांचे ओठ मला वाचता येत नाहीत, ते नुसते उघडतात आणि मिटतात. तो काय बोलतोय ते तू सांग.

पत्र्या त्या वेळी पाहुण्याला सांगत होता की शेठ झोपला की दोन सोन्याच्या विटा खाली सरकव. मी ऐकत होते. मास्तरही ऐकत होते. आणि मास्तरांनी तोंड आबांकडे करून सांगितलं की तो म्हणतोय, माझी माय आजारी आहे, मला गावी जायचं आहे. त्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचं म्हणणं मान्य केलं नव्हतं, आणि इथे जिंकलेलं भांडण स्वतःहून हरत होता. आबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं.

"तू खोटं बोली ऱ्हायना," ते म्हणाले. "माले ऐकू येस नई, पन तुनं तोंड तं दिसस. खरं सांग."

मास्तरांनी मान खाली घातली आणि मग सांगितलं. चोर आहे तो. पहिल्यापासून चोर आहे. पेटीत शेठचा माल आहे, गाव नाही, म्हातारी नाही, काही नाही. मला आबांकडे बघवेना. त्यांनी ती म्हातारी इतक्या मायेने रचली होती, सगळ्या माळ्याला दाखवली होती, आम्ही तिच्यासाठी हळहळलो होतो. आबा पुन्हा पडद्याकडे वळले. पत्र्या फलाटावर एकटा उभा होता, पेटी पायाशी, कुरकुरणारा गुडघा जरा वाकलेला, आणि यान त्याला न घेताच दूर निघालं होतं. जसं काढलं होतं तसं काढलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. तो पाठमोरा होता आणि तरी आम्हाला सगळं दिसत होतं. आबांनी तो प्रसंग संपेपर्यंत पाहिला.

"चोर व्हई," ते म्हणाले. "पन चोरलेबी घर जावानं मन ऱ्हास, भगवान."

भुवया खाली ओढून मास्तर पडद्याकडे बघत बसले. जाहिराती लागल्या तेव्हा ते उठले, स्टूल भिंतीला लावलं, दारापर्यंत गेले, आणि मागे फिरून आबांच्या समोर येऊन उभे राहिले, कारण पाठीमागून बोलून उपयोग नव्हता.

"खातं सुरू व्हयनं का दिवसपाळीले दारजोडेनी लाइनमा ये," ते म्हणाले, म्हणजे दाराजवळच्या मागांवर, त्यांच्या नजरेसमोर. "तठेन तुना हात माले दिसतस. आपलं भांडन आजून सरेल नई."

माय वळून ओट्यापुढे लावलेल्या साडीच्या पडद्याआड गेली आणि हमसून हमसून रडायला लागली. मोठ्याने, तोंड न दाबता, जशी ती नेहमी रडत आली असणार, कारण त्या घरात इतकी वर्षं कुणाचं रडणं कुणाला ऐकू जात नव्हतं. माग बंद आहेत हे ती विसरली होती. दारातल्या पद्मामावशींनी ऐकलं, मास्तरांनी ऐकलं, धाकटीने ऐकलं, मी ऐकलं. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. एकट्या आबांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पडदा सारून आत गेले.